जुनी बॅग, परका देश आणि आपली पारख



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची आम्हाला कल्पना आहे. उमरीसारख्या कापसाच्या गावात उभं राहून परदेशातल्या महागड्या आणि त्यातही वापरलेल्या बॅगांवर बोलायचं, म्हणजे काय! पण जरा आजूबाजूला बघा. या तालुक्यातली किती पोरं-पोरी आज हैदराबाद-पुण्यात नोकरीला आहेत, आणि तिथून कंपनीच्या कामानं जपानला, जर्मनीला, दुबईला जातात. निघताना फोन येतो, "मामी, काय आणू?" आणि मग कधी कधी घरात येते ती एक बॅग. तिची किंमत ऐकली की घरातले म्हणतात, एवढ्यात तर एक चांगली दुभती म्हैस आली असती.

तर आज आपण तीन गोष्टी समजून घेऊ. जुन्या बॅगेला एवढी किंमत का येते? ती खरी की खोटी, हे कसं बघायचं? आणि घरी आणताना कायदा काय म्हणतो? सुरुवात आमच्याच घरातल्या एका प्रसंगापासून करतो.

आमची भाची कामानिमित्त युरोपातल्या एका शहरात तीन महिने होती. तिथं दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथल्या एका टेबलावर तिला लुई व्हिताँची तपकिरी बॅग दिसली. विकणारा म्हणाला, आजीची आहे, घर रिकामं करतोय. ४०० युरो. त्या वेळच्या भावानं साधारण ३६ हजार रुपये. भाचीनं रोख मोजले. आईसाठी घेतली होती. आमच्या ताईनं सगळी नोकरी खांद्याला कापडी पिशवी अडकवून केली, म्हणून लेकीला वाटलं, एक तरी चांगली वस्तू आईच्या हातात असावी.

घरी आल्यावर आम्ही सगळे ती बॅग उलटीसुलटी करून बघत होतो. आतल्या खिशाच्या कडेला दोन अक्षरं आणि चार आकडे ठसवलेले होते. आकडे होते ६११४. भाचीनं विचारलं, "मामी, या आकड्याचा अर्थ काय?" शोधाशोध केली आणि अर्थ कळला तेव्हा घरात शांतता पसरली. तो अर्थ पुढे सांगतो. आधी पारख म्हणजे काय, ते बघू.

पारख आपल्याला नवी नाही. माळेगावच्या यात्रेत जनावरांचा बाजार तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. जुना बैल घेताना शेतकरी काय करतो? विकणाऱ्याच्या गोष्टी ऐकतो, मान हलवतो आणि सरळ बैलाचा जबडा उघडतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे दात सांगतात. मग खूर बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. शिंगं रंगवलेली असतील तर जास्तच सावध होतो. शेवटी बाजार समितीची पावती घेतो. म्हणजे तीन पायऱ्या झाल्या: वस्तू स्वतः काय सांगते, विकणारा कोण आहे, आणि कागद काय म्हणतो. जुन्या बॅगेची पारख याच तीन पायऱ्यांवर चालते. आमच्या भाचीनं फक्त विकणाऱ्याची गोष्ट ऐकली. जबडा उघडायचा राहून गेला.

आता पहिला प्रश्न. वापरलेल्या बॅगेला किंमत का? आपल्याकडे वापरलेली वस्तू म्हणजे भाव निम्म्यावर आलाच. पण काही मोजक्या बॅगांचं गणित वेगळं आहे. फ्रान्सच्या एर्मेस कंपनीची 'बर्किन' नावाची बॅग आहे. अभिनेत्री आणि गायिका जेन बर्किन यांच्या नावावरून १९८० च्या दशकात ती तयार झाली. त्यांच्यासाठी बनवलेली अगदी पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात निघाली. खरचटलेली, डाग पडलेली, वर्षानुवर्षं वापरलेली. ती गेली ८६ लाख युरोंना, म्हणजे आपल्या ८० कोटींहून जास्त रुपयांना. आणि घेणारी कंपनी होती जपानची, जुन्या मौल्यवान वस्तूंचाच व्यापार करणारी.

ही टोकाची गोष्ट झाली. सगळ्या बॅगा काही अशा विकल्या जात नाहीत. बहुतेक महागड्या बॅगा दुकानाबाहेर पडल्या की भाव उतरतोच. पण काही नावं अशी आहेत की कंपनी माल मुद्दाम मोजका काढते, दरवर्षी भाव चढवते, आणि म्हणून जुन्या मालालाही गिऱ्हाईक राहतं. तिथं चामड्याची किंमत थोडी आणि नावाची जास्त असते. नीट लक्षात घ्या, जिथं नावाला पैसा मिळतो, तिथं नावाची चोरी होणारच.

जपानचं नाव आलंच आहे, तर हा देश जुन्या बॅगांचा एवढा मोठा बाजार कसा झाला, तेही बघू. १९८५ नंतर जपानचं चलन येन एकदम वधारलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं पैशाचा पूर आला होता. लोकांनी युरोपातल्या महागड्या वस्तू ढिगानं घेतल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो फुगा फुटला आणि घराघरातल्या कपाटांतून त्या वस्तू बाजारात यायला लागल्या. जपानी माणूस वस्तू जपून वापरतो, डबा आणि पावतीसुद्धा ठेवतो. त्यामुळे माल चांगल्या अवस्थेत मिळतो. कोमेह्योसारखी दुकानं, जी १९४७ मध्ये नागोयात जुन्या कपड्यांच्या विक्रीतून सुरू झाली, ती आज या धंद्यातली मोठी नावं आहेत. त्यात २०२२ पासून येन घसरला आणि परदेशी गिऱ्हाइकांची रीघ लागली.

पण खरं कारण कायद्यात आहे. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी १९४९ पासून स्वतंत्र कायदा आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो, आणि माल घेताना विकणारा कोण आहे याची खातरजमा करून नोंद ठेवावी लागते. मूळ हेतू चोरीचा माल पकडण्याचा. पण त्यातून गिऱ्हाइकाला फायदा असा झाला की दुकानदार पळून जाऊ शकत नाही. शिवाय नकली माल बाजारात फिरू नये म्हणून १९९८ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःची संघटना काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजार समिती मजबूत आहे. युरोपातल्या रविवारच्या टेबलावर यातलं काहीच नव्हतं.

आता दुसरा प्रश्न, जबडा उघडण्याचा.

पहिली गोष्ट चामड्याची. पुष्कळांना वाटतं, लुई व्हिताँची तपकिरी, नक्षीची बॅग म्हणजे सगळी चामड्याची. तसं नाही. तो नक्षीचा भाग म्हणजे लेप दिलेलं सुती कापड असतं. चामडं असतं ते पट्ट्यांना, कडांना. अनेक मॉडेलांत हे चामडं झाडपाल्यानं कमावलेलं, रंग न दिलेलं असतं. नवं असताना फिकट गव्हाळ, आणि ऊन, हवा, हाताचा घाम लागत गेला की मधासारखं गडद होत जातं. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि तेही पायात मुरत जातं, रंग बदलतं. म्हणून विचार करा: पंधरा वर्षं वापरलेली बॅग सांगतात, पण मुठीचं चामडं अजून एकसारखं फिकट आहे. मग एक तर मूठ बदललेली आहे, नाहीतर गोष्ट खोटी आहे.

दुसरी गोष्ट कोपरे आणि शिवण. बॅग आधी कोपऱ्यांवर झिजते. कोपरे रंगवून झाकलेत का ते उजेडात बघा. टाके सारख्या अंतरावर आहेत का, डाव्या मुठीचे आणि उजव्या मुठीचे टाके सारखे आहेत का, ते मोजा. चांगल्या कारागिराचा हात डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा असा चालत नाही.

तिसरी गोष्ट आतली. खिशात हात घालून बघा, चिकट लागतं का. काही जुन्या बॅगांचं आतलं कृत्रिम अस्तर दमट हवेत विरघळल्यासारखं चिकट होतं, आणि हा दोष वाढतच जातो. खरी बॅगसुद्धा अशी असू शकते. म्हणजे खरी आहे आणि तरीही घेण्यासारखी नाही, असंही होतं. वास घ्या. बुरशीचा वास असेल तर आपल्या पावसाळ्यात ती बॅग टिकणार नाही.

चौथी गोष्ट, ते आकडे. लुई व्हिताँच्या बॅगेत साधारण १९८० च्या दशकापासून २०२१ पर्यंत एक खूण ठसवलेली असे. अक्षरं कारखाना सांगतात, आकडे तारीख. २००७ पासूनची पद्धत अशी: पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. समजा १०२९ आहे. पहिला एक, तिसरा दोन, म्हणजे १२ वा आठवडा. दुसरा शून्य, चौथा नऊ, म्हणजे २००९ साल. त्याआधी, १९९० ते २००६ या काळात, आठवड्याच्या जागी महिना असे.

आता आमच्या भाचीचे आकडे घ्या. ६११४. पहिला सहा, तिसरा एक. दुसरा एक, चौथा चार. म्हणजे २०१४ सालचा ६१ वा आठवडा. वर्षाचे आठवडे ५२, फार तर ५३. ६१ वा आठवडा कोणत्या पंचांगात येतो? महिन्याची जुनी पद्धत लावली तरी ६१ वा महिना होतो. कुणीतरी पद्धत माहीत नसताना नुसते आकडे ठोकले होते.

इथं एक मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेक लोक फसतात. आकडे चुकीचे असतील तर बॅग खोटी ठरते. पण आकडे बरोबर असले म्हणून बॅग खरी ठरत नाही. खऱ्या बॅगेवरचे आकडे नकली बॅगेवर उतरवायला काय लागतं? आणि २०२१ पासून या कंपनीनं आकडे बंद करून आत चिप घालायला सुरुवात केली, त्यामुळे नव्या बॅगेत आकडे नाहीत म्हणजे ती खोटी, असंही म्हणता येत नाही. शनेल कंपनीनंही त्याच वर्षी आपला क्रमांकाचा स्टिकर सोडून चिप आणली. एकाच खुणेनं खोटेपणा सिद्ध होऊ शकतो. खरेपणाचं तसं नसतं, तो दहा लहान खुणा एकमेकींशी जुळल्या की हळूहळू पटत जातो. म्हणूनच दुसरी आणि तिसरी पायरी लागते, विकणारा आणि कागद.

विकणारा असा हवा की उद्या त्याच पत्त्यावर सापडेल. पावती अशी हवी की तिच्यावर दुकानाचं नाव, ब्रँड, मॉडेल, वस्तूची अवस्था आणि किंमत लिहिलेली असेल. दुकानं वस्तूला श्रेणी देतात, एस, ए, एबी, बी अशी. पण ही श्रेणी त्या त्या दुकानाची असते. एकाचं 'ए' दुसऱ्याचं 'बी' असू शकतं. म्हणून श्रेणीचा अर्थ काय, हे विचारून घ्या. खोटी निघाली तर परत घेणार का, हेही पावतीवर लिहून मागा. आणि पैसे शक्यतो कार्डानं द्या, म्हणजे नोंद राहते. मात्र कार्डाचं यंत्र विचारतं, रुपयात द्यायचे की इथल्या चलनात? तिथलं चलनच निवडा. रुपयात निवडलं की बहुधा वाईट दर लागतो.

आता तिसरा प्रश्न, घरी आणण्याचा. हिशेब आकड्यांत मांडतो.

भाचीच्या प्रकरणानंतर आम्ही दोघं २०२४ मध्ये जपानला गेलो होतो. तिथं दुकानातून एक वापरलेली बॅग घेतली. किंमत करासह १ लाख ७६ हजार येन. पासपोर्ट दाखवल्यावर पर्यटक म्हणून १० टक्के उपभोग कर वजा झाला आणि १ लाख ६० हजार द्यावे लागले. साधारण ८८ हजार रुपये. ही करमाफीची पद्धत नोव्हेंबर २०२६ पासून बदलण्याचं जपाननं ठरवलं आहे: आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा. युरोपात वेगळंच आहे. तिथले जुन्या मालाचे व्यापारी बहुधा फक्त आपल्या नफ्यावर व्हॅट भरतात, तो पावतीवर वेगळा दिसत नाही, आणि पर्यटकाला परतही मिळत नाही. तेव्हा 'विमानतळावर कर परत मिळेल' असं धरून भाव ठरवू नका.

हैदराबादला उतरलो. त्या वेळी २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. त्यानुसार प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या मालावर शुल्क नव्हतं. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के शुल्क आणि त्यावर अधिभार, मिळून ३८.५ टक्के. ८८ हजारांतून ५० हजार गेले, राहिले ३८ हजार. त्याचे ३८.५ टक्के म्हणजे १४ हजार ६३० रुपये. आम्ही लाल मार्गानं गेलो, पावती दाखवली, पैसे भरले. बॅग पडली १ लाख २ हजार ६३० रुपयांना. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क विभागाचे ताजे नियम वाचून घ्या.

दोन गैरसमज दूर करतो. एक, "जुनी आहे, वापरलेली आहे, मग शुल्क कशाला?" ती दुसऱ्यानं वापरलेली आहे. तुमच्या दृष्टीनं ती परदेशात केलेली खरेदीच. दोन, "आम्ही दोघं आहोत, दोघांची सूट एका बॅगेवर लावू." नियमात हे चालत नाही, सूट एकत्र करता येत नाही.

आणि एक मोठी धोक्याची सूचना. जुन्या बाजारात मगरीच्या, अजगराच्या कातड्याच्या बॅगा स्वस्तात दिसतात. हात लावू नका. अशा अनेक प्राण्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, परवान्याशिवाय आणला तर माल जप्त होतो आणि आपल्या वन्यजीव कायद्याखाली प्रकरण उभं राहू शकतं. नकली मालाचंही तसंच. इटलीत नकली माल घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही ७ हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये नकली माल जवळ बाळगणं हा सीमाशुल्काचा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमची भाची तिथल्या विमानतळावर अडवली गेली असती तर ३६ हजारांवर भागलं नसतं. आणि 'आजीची आहे' ही गोष्ट तिथं कुणी ऐकली नसती.

मग त्या बॅगेचं काय झालं? घरात कुणीतरी सुचवलं, फोटो टाकून विकून टाक, निम्मे तरी निघतील. भाची नाही म्हणाली. ती म्हणाली, "मग मी पण त्या टेबलावरचीच झाले ना." बरोबरच होतं. खोटी आहे हे कळल्यावर खरी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार नकली चिन्हाचा माल विकणं हा कैदेचा गुन्हा आहे. ताईनं बॅग हातात घेतली, शिवण बघितली आणि म्हणाली, "शिवणारानं टाके तरी चांगले घातलेत. त्याला काय मिळालं असंल?" आम्हाला तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

तो प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे, म्हणून शेवटी थोडं त्यावर. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या कार्यक्रमात मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. नाव कुठंच नव्हतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. इकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, आणि कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांसोबत बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो.

बघा, तेच बाभळीच्या सालीचं शहाणपण. एका नावाखाली काही शे रुपये, दुसऱ्या नावाखाली ८० हजारांच्या आसपास. जी कंपनी स्वतःच्या नावाच्या नकलेविरुद्ध कोर्टात जाते, तिला दुसऱ्याच्या नावाची आठवण करून द्यावी लागली. नकली बॅग घेऊ नका असं आम्ही सांगतो, ते मोठ्या कंपन्यांची बाजू घेऊन नाही. नावामागं कुणाचा तरी हात असतो, आणि त्या हाताचा मोबदला नावासोबत जायला हवा, म्हणून. हा नियम पॅरिसला लागू असेल तर कोल्हापूरलाही लागू आहे.

शेवटी श्रोत्यांतून दोन प्रश्न आले, ते थोडक्यात घेतो.

एका ताईंनी विचारलं, अशी बॅग आपल्याकडे टिकते का? टिकते, काळजी घेतली तर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. जुन्या सुती ओढणीत गुंडाळा, आत साधा कागद भरा म्हणजे आकार राहतो, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी सावलीत वारा लागू द्या.

एका मुलानं विचारलं, एवढी उठाठेव करण्यापेक्षा बॅग न घेणंच बरं नाही का? हाही शहाणा पर्याय आहे. पण पोरं घेणारच असतील तर डोळे उघडे ठेवून घ्यावी. भाचीनं पुढच्या वेळी आईसाठी काय आणलं, माहीत आहे? काहीच नाही. ती ताईला नांदेडला घेऊन गेली आणि ताईनं स्वतः निवडलेली एक चामड्याची बॅग तिला घेऊन दिली. ताईनं दुकानात पहिलं काम काय केलं असेल? बॅग उलटी करून टाके मोजले.